शेजारची सीट

आमच्या घरमालक काकांचा मिक्सर दोन महिने बंद होता, कारण त्याची पुस्तिका सापडत नव्हती. बिघाड साधा होता, आतला कार्बन ब्रश झिजला होता. ज्या माणसानं बत्तीस वर्षं अंबरनाथच्या एका रासायनिक कारखान्यात प्रेशर गेज दुरुस्त केले, त्याला तो दहा मिनिटांत बदलता आला असता. पण पुस्तिका वाचल्याशिवाय ते कशाचाही स्क्रू उघडत नसत. काकू पाट्यावर चटणी वाटायच्या आणि तळमजल्यावर आम्हाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, "तिकडं विमान जोडतायत. इकडं मिक्सर उघडवत नाही."

विमानाची गोष्ट खरी होती.

मी अंबरनाथ पूर्वेला त्यांच्याकडे सात वर्षं भाडेकरू होतो. एमआयडीसीतल्या नट-बोल्टच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होतो. दिवसभर मापं घ्यायची, जे मापात नाही त्याला लाल चिठ्ठी बांधायची. म्हणून काका मला नावानं कधी हाक मारत नसत. इन्स्पेक्टर म्हणत. मी त्यांच्यापेक्षा सव्वीस वर्षांनी लहान, तरी मला अहो-जाहो करत.

विमान उल्हासनगरच्या एका शेठचं होतं. त्याचं पडद्याच्या कापडाचं दुकान होतं. तरुणपणी तो विमान चालवायला शिकला होता, आणि पन्नाशीत त्यानं परदेशातून दोन सीटचं हलकं विमान सुट्या भागांत, लाकडी खोक्यांतून मागवलं. सोनिवलीच्या पुढं शेतात पत्र्याची शेड घेऊन चार वर्षांत जोडलं. घाटावरच्या एका छोट्या धावपट्टीवर नेऊन सात-आठ वेळा उडवलंही. पंख काढले की ते ट्रकवर मावायचं. मग त्याच्या मनात ऑटोपायलट बसवायचं आलं. तेही खोकं आलं, आणि शेठनं चित्रं बघून एका रविवारी अर्धं बसवूनसुद्धा टाकलं. उरलेल्या वायरी कुठं जातात ते कळेना, म्हणून त्यानं काकांना बोलावलं.

काकांनी पहिल्या दिवशी काय केलं, तर शेठनं बसवलेलं सगळं उघडलं, पुसलं, आणि जसं आलं होतं तसं परत खोक्यात भरलं.

"काका, ये क्या! माझा पूर्ण संडे होता तो!"

"पुस्तक कुठंय?" काका म्हणाले.

पुस्तक सीडीवर होतं. विमानाचं तीनशे शहाऐंशी पानांचं, ऑटोपायलटचं बासष्ट पानांचं. काकांनी दोन्ही छापून आणून बाइंडिंग करून घेतली आणि वाचन सुरू झालं. दर रविवारी सकाळी आम्ही माझ्या मोटारसायकलवरून सोनिवलीला जायचो. मी इंग्रजी मोठ्यानं वाचायचं, काका ते मराठीत सांगणार, आणि मग मी त्यांच्या मराठीवरून इंग्रजी ताडून बघायचं. तीनही वेळा अर्थ एकच निघाला तरच पान उलटायचं. एका रविवारी सरासरी साडेतीन पानं होत. मी हिशेब करून सांगितलं की ऑटोपायलटच्या पुस्तकालाच अठरा रविवार लागतील. काका म्हणाले, "हाताला घाई असते. पानाला काय घाई?"

त्या पुस्तकात काही पानांवर फक्त एकच ओळ होती: हे पान मुद्दाम कोरं ठेवलं आहे. काकांना ती पानं फार आवडत. "बघा, कोरं ठेवायचं तेसुद्धा सांगून ठेवलंय," असं म्हणून ते चष्मा काढायचे. कोरं पान आलं की चहा, एरवी नाही. काकूंना हे माहीत झाल्यावर त्या थर्मास देताना विचारायच्या, "आज कोरी किती?"

आणि जिथं चौकटीत, जाड अक्षरांत 'सावधान' असं लिहिलेलं असे, तिथं काका उठून उभे राहायचे. मलाही उभं करायचे. शेठ असला तर त्यालाही. उभ्यानं ती चौकट वाचायची, क्षणभर गप्प राहायचं, मग बसायचं.

"ये कौनसा कायदा आहे, साईं?" शेठनं पहिल्यांदा विचारलं.

"बाकीचं पुस्तक हुशार माणसांनी टेबलावर बसून लिहिलंय. ही चौकट कुणीतरी गेल्यावर लिहिलीय. कुणीतरी तसं केलं, मेला, मग ही ओळ आली. त्या माणसासाठी एवढं तरी उभं राहावं."

शेठ हसला नाही. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. बासष्ट पानांत अशा नऊ चौकटी होत्या.

काकांच्या बैठकीत बुद्धाची छोटी मूर्ती होती आणि तिच्याच फळीवर पुस्तिका रचलेल्या असत: घरातल्या शिलाई मशीनची, बंद पडून भंगारात गेलेल्या रेडिओची, कारखान्यातल्या निवृत्त गेजांची. त्यांचे वडील गिरणीत होते, त्यांना वाचता येत नव्हतं. तिथं एका नव्या यंत्रावर त्यांची तीन बोटं गेली. त्या यंत्राचं पुस्तक साहेबांच्या कपाटात होतं. एवढंच काकांनी मला एकदा सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता, वायर सोलताना.

शेडमधले ते रविवार आठवले की मला अजून थोडं गुंगल्यासारखं होतं. लोडशेडिंगचे दिवस होते. अकराला वीज जायची. मग पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे गोल ठिपके विमानाच्या पांढऱ्या अंगावर पडायचे आणि तासाभरात शेपटीपासून नाकापर्यंत सरकायचे. बाहेर भातखाचरं, त्यांच्यापलीकडे मलंगचा डोंगर. पंख भिंतीला टेकवून ठेवलेले, त्यांच्यामागं चिमण्या. काका डाव्या सीटवर डोळे मिटून बसायचे. दोन गुडघ्यांच्या मधली स्टिक हलकेच धरून पुटपुटायचे, "उजवीकडे कललं... नाक खाली जातंय... आता सरळ." तेव्हा विमानाला पंखसुद्धा लावलेले नसत. मी बाहेर उभा राहून बघायचो आणि मला खरोखर वाटायचं की शेडच हळूहळू वळते आहे.

काका जन्मात विमानात बसलेले नव्हते. विमानतळाच्या आतही गेले नव्हते. पण अमुक वेगाला पंखावरची हवा सुटते, अमुक उंचीला इंजिनाची ताकद किती कमी होते, हे त्यांना पानाच्या आकड्यासकट पाठ होतं.

ऑटोपायलटचं काम थोडक्यात असं. एक छोटी मोटर असते, सर्वो म्हणतात. ती सीटखाली बसवून एका आर्मनं, म्हणजे लहानशा दांडीनं, स्टिकच्या दांड्याला जोडायची. पुढच्या फळीवरच्या डबीला विमान कलल्याचं कळतं, आणि मोटर स्टिक उलट दिशेला ढकलून विमान सरळ करते. पण एखादी वायर उलटी लागली तर कललेलं विमान ती आणखी कलवेल. म्हणून जमिनीवर चाचणी घ्यायची असते. अठराव्या नव्हे, बाविसाव्या रविवारी आम्ही ती घेतली. डाव्या चाकाखाली फळ्या सरकवून विमान उजवीकडे कलवलं. काकांनी बटण दाबलं.

रिकाम्या सीटसमोरची स्टिक आपोआप, अगदी सावकाश, डावीकडे गेली. कुणी झोपेत कूस बदलावी तशी.

शेठ म्हणाला, "काका, हवेत पहिल्यांदा हे लावीन ना, तेव्हा माझ्या शेजारची सीट तुमची. पक्का."

काकांनी स्टिककडे बघतच विचारलं, "खरंच?"

"साईं, सिंधी माणूस दुकानात भाव करतो, जबानीत नाही."

परत येताना बदलापूरच्या फाटकात आम्ही थांबलो तेव्हा काका मागून म्हणाले, "मला उडायची हौस आहे असं नाही, इन्स्पेक्टर. एकदा बघायचंय, लिहिलंय तसं होतं का." त्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी नवीन बूट घेतले. काकूंनी मला जिन्यात गाठून विचारलं, "विमानात उलटी होते का हो? ह्यांना बसमध्ये होते." मी म्हटलं, पुस्तकात तसं काही नाही. त्या म्हणाल्या, "मग बघायलाच नको. पुस्तकात नाही म्हणजे होणारच नाही म्हणतील."

आता माझी चूक सांगतो.

सगळे स्क्रू, नट, वॉशर यादीप्रमाणे मोजून तपासायचं काम काकांनी माझ्यावर सोपवलं होतं. एकूण एकशे त्रेचाळीस नग. त्यात मोटरच्या आर्ममध्ये बसणारा एक बारका पितळी स्क्रू होता. बाकी सगळे पोलादी, हाच पितळी, आणि वर बारीक खाच मारलेला. मी कानस लावून बघितली, सहज ओरखडा उठला. विमानाच्या स्टिकला जोडणाऱ्या आर्ममध्ये इतका मऊ नग! मला वाटलं, कंपनीनं चार पैसे वाचवलेत. मी त्याला सवयीनं लाल चिठ्ठी बांधली, वर 'नापास, मऊ' लिहिलं आणि आमच्या शेजारच्या वर्कशॉपमध्ये त्याच मापाचा पोलादी स्क्रू करून घेतला. माप शंभराव्या मिलिमीटरपर्यंत बरोबर होतं. माझ्या तक्त्यात शेऱ्याच्या रकान्यात 'बदलला' अशी नोंदही केली. काकांनी माझा तक्ता तपासला नाही. दुसऱ्या कुणाचा असता तर तपासला असता.

विमान शुक्रवारी ट्रकवर चढून घाटावर गेलं. शेठ पंख लावायला बरोबर गेला. रविवारी सकाळी धुकं निवळलं की, साडेआठच्या सुमाराला उडायचं होतं. रविवारचाच दिवस मिळाला होता, संध्याकाळी धावपट्टी रिकामी करून द्यायची होती. काका आणि मी रविवारी पहाटे निघणार होतो. तुम्हाला यायला उशीर झाला तर मी थांबणार नाही, वेळेत आलात तर सीट तुमची, असं शेठनं बजावलं होतं.

काका एक शनिवार सोडून एका शनिवारी उल्हासनगरच्या सायबर कॅफेत जात. कंपनीनं पुस्तकाची काही पानं सुधारली आहेत का ते बघायला. एरवी हात हलवत परत येत. त्या शनिवारी दुपारी ते आले ते सरळ आमच्या दारात. हातात एकच पान होतं.

"इन्स्पेक्टर, आर्मचा स्क्रू कुठला लावलाय?"

"बदलला मी तो," मी जरा अभिमानानंच म्हटलं. "मऊ होता. पोलादी करून घेतला."

काका म्हणाले, "उभे राहून वाचा."

मी उभाच होतो, तरी मी नीट उभा राहिलो. नवी चौकट होती, दहावी. लिहिलं होतं की हा पितळी स्क्रू मुद्दाम कमजोर केलेला आहे. हवेत मोटर अडकून बसली तर चालकानं स्टिक जोरानं ओढायची, हा स्क्रू तुटतो आणि स्टिक मोकळी होते. याच्या जागी कठीण धातूचा स्क्रू कधीही लावू नये.

म्हणजे मी लावलेला तुटला नसता. मोटर एकीकडे ओढणार, शेठ दुसरीकडे, आणि माझा स्क्रू शंभराव्या मिलिमीटरपर्यंत बरोबर.

"कुणीतरी लावला असणार," काका पानाकडे बघत म्हणाले. "माझ्या-तुमच्यासारखाच कुणीतरी."

शेठचा मोबाइल लागेना, घाटावर तेव्हा रेंज नसायची. दहा वेळा लावला, तोवर अंधार पडला आणि रात्री घाटात मोटारसायकल घालण्यात अर्थ नव्हता. शेवटी मी काकांना म्हटलं, धुकं आठच्या आत निवळत नाही, पहाटे पावणेपाचला निघालो तर पोचतो. लाल चिठ्ठीसकट तो पितळी स्क्रू माझ्या शर्टाच्या खिशात घातला. बारवी धरणाच्या रस्त्यानं मुरबाड, मुरबाडहून माळशेज. एकशे अठरा किलोमीटर. घाटात धुक्यामुळं पुढचं चाक दिसत नव्हतं. काका मागं बसून वळणं मोजत होते की काही पाठ म्हणत होते, मला कळलं नाही. आठ वाजून पाच मिनिटांनी आम्ही धावपट्टीवर पोचलो तेव्हा शेठ इंजिन गरम करत होता.

काकांनी दोन्ही हात वर केले. इंजिन थांबलं.

"आता काय, साईं?"

काकांनी सांगितलं. शेठला आधी कळेना. "लोहा मजबूत ना? फिर पितळ कशाला?"

"तुटावा म्हणून. मोटर अडकली तर तो तुटला पाहिजे, नाहीतर तुम्ही ओढत बसाल आणि खाली जमीन आहे."

"किसने डाला लोहा?"

"मी," मी म्हटलं.

"आम्ही," काका म्हणाले. "तक्ता मी वाचायला हवा होता."

शेठनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग त्यानं स्वतःच सीट काढून दिली. स्क्रू बदलायला वीस मिनिटं लागली. काकांनी पाना माझ्या हातात दिला. शेवटपर्यंत परत घेतला नाही.

मला वाटलं, झालं. पण काका पुस्तक उघडून विमानाच्या सावलीत बसले. "एकदा उघडलं की पहिल्या पानापासून. सगळं."

"बासष्ट पान?" शेठ ओरडला. "काका, हवा उठेल! अकरानंतर इथं वारा येतो!"

"येऊ दे."

या वेळी भाषांतर नव्हतं. मी वाचत गेलो, काका प्रत्येक जोडावर बोट ठेवत गेले. चौकटींना आम्ही तिघंही उभे राहिलो, दहाव्यालाही. कोऱ्या पानांवर चहा नव्हता, पण काका तेवढा वेळ थांबले. संपलं तेव्हा पावणेअकरा झाले होते.

"चला, बसा काका," शेठ म्हणाला. काकांनी नव्या बुटांची माती झटकली, एक पाय उचलला आणि परत खाली ठेवला.

"आधी हे बसतील," ते म्हणाले. "स्क्रू यांनी लावलाय. मी दुसऱ्या फेरीला."

"काका, नको. सीट तुमची आहे," मी म्हटलं. मला खरं तर त्या विमानाच्या जवळही जायचं नव्हतं. मी मनात ठरवून टाकलं होतं की यापुढं पाना म्हणून हातात घ्यायचा नाही.

"माहितेय मला," ते हळू म्हणाले. "म्हणूनच चढा. नाहीतर उद्या कारखान्यात मापाची पट्टी धरवणार नाही तुम्हाला." आणि त्यांनी स्वतः माझा पट्टा आवळला.

अकरा मिनिटं आम्ही वर होतो. उतरलो तेव्हा धावपट्टीच्या टोकाची, वारा दाखवणारी कापडी पिशवी आडवी फडफडत होती.

आडव्या वाऱ्याची मर्यादा त्या विमानाला बारा नॉट होती, ते पानावर होतं. वारा मोजायचं छोटं पंख्याचं यंत्र शेठकडे होतं. तो म्हणाला, "ग्यारा-बारा असेल. मी उतरवतो आरामात. बसा काका, बसा!"

काकांनी यंत्र माझ्याकडे दिलं. "इन्स्पेक्टर, किती?"

मी हात वर धरला. आकडा स्थिर राहत नव्हता. अकरा, बारा, चौदा, बारा, अकरा, चौदा. मधला आकडा बाराच होता. बारा म्हटलं असतं तर ते खोटं नव्हतं. काका माझ्याकडे बघत नव्हते, सीटकडे बघत होते. आमच्या खात्यात नियम आहे, आकडा हलत असेल तर सगळ्यात वाईट तो धरायचा. मी आणखी एक मिनिट तसाच उभा राहिलो, खाली यावा म्हणून.

"चौदा," मी म्हटलं.

"चौदा," काका म्हणाले, आणि पुस्तक पिशवीत ठेवलं.

दुपारी वारा सोळावर गेला आणि उतरला नाही. चार वाजता आम्ही पंख काढायला घेतले. उन्हाळ्याआधी शेठच्या घरचं आजारपण निघालं आणि विमान दक्षिणेतल्या कुणाला तरी विकलं गेलं, काकांनी छापलेल्या दोन्ही पुस्तकांसकट. ती सीट पुन्हा आली नाही. मी चौदा म्हटलं याबद्दल काका मला कधी काही बोलले नाहीत. एकदा मीच विषय काढला, तर म्हणाले, "मग काय बारा म्हणायचं होतं?"

त्या दिवशी वाऱ्याची वाट बघत आम्ही पंखाच्या सावलीत बसलो होतो तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पाठ चाकाला टेकवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "सांगा. सुरुवातीपासून."

मी सांगितलं. चाकांचा आवाज कधी थांबला ते कळलं नाही, असं सांगितलं. डावीकडे धरणाचं पाणी होतं आणि त्यात आमची सावली एवढीशी जात होती. खालच्या शेतात बैल होते, ते हलत नव्हते. धुक्याचा एक तुकडा दरीत राहून गेला होता, त्याच्यावरून गेलो तेव्हा एकदम सगळं शांत झाल्यासारखं वाटलं. किती फूट होतो, किती वेग होता, मी बघितलं नाही. काकांनी डोळे न उघडताच मान हलवली. त्यांचा उजवा हात गुडघ्यांच्या मधोमध, हवेत, काहीतरी हलकेच धरल्यासारखा होता.

"मग शेठनं बटण दाबलं," मी म्हटलं. "एकदा स्टिक धरून हलकेच उलटी ओढून बघितली. मोटरनं आधी विरोध केला, मग ऐकलं."

"लिहिलंय तसं," काका म्हणाले.

"लिहिलंय तसं. मग त्यानं परत सरळ केलं, माझ्याकडे बघितलं आणि हात सोडून दिले."

काकांची बोटं एकेक करून उघडली, आणि तळहात तसाच उताणा गुडघ्यावर राहिला.